अर्धा स्वर खाली

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा आहे. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच: पोलादाचे दोन सरळ पाय आणि खाली धरायला एक दांडी. माझ्या एका पायावर ४४० हा आकडा कोरलेला आहे. मला हलकेच ठोकलं की माझे पाय सेकंदाला चारशे चाळीस वेळा हलतात आणि त्यातून एकच स्वर निघतो. आयुष्यात मी एवढं एकच काम शिकलो. त्रेचाळीस वर्षं तेच केलं, आणि खरं सांगायचं तर आता थकलो आहे. पोलाद कसं थकेल, असं तुम्हाला वाटेल. वरच्या वर्गात गेलात की धातूच्या थकव्यावर एक धडा असतो. तो वाचताना माझी आठवण काढा.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. एका माणसाने हातात कानस घेऊन मला घडवलं. टोकाला घासलं की माझा स्वर चढायचा, बेचक्यात घासलं की उतरायचा. तो थोडं घासायचा, कानाशी धरायचा, पुन्हा घासायचा. शेवटी त्याने मान डोलावली आणि मला कापडात गुंडाळलं. तिथून मी समुद्र ओलांडून, मग डोंगर चढून आफ्रिकेतल्या लेसोथो देशात, माफेतेंग गावी आलो. न्ताते लेतलात्सा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, शाळेत नुकतेच मास्तर म्हणून लागले होते. इकडे वडीलधाऱ्या पुरुषाला न्ताते म्हणतात आणि बाईला म्मे. पहिल्या पगारातून त्यांनी बूट घेतले नाहीत, मला घेतलं.

न्तातेंनी गावात गायकवृंद उभा केला. त्यांच्या गाण्याच्या कागदावर पाच रेघा आणि त्यावर लटकलेले ठिपके नसतात, नुसती अक्षरं असतात: डो, रे, मी, फा, सो. डाव्या कोपऱ्यात एका ओळीत लिहिलेलं असतं की या गाण्याचा डो कुठे धरायचा. तुमच्याकडे सा हवा तिथे धरता येतो, तसाच त्यांचा डो. न्ताते मला गुडघ्यावर आपटायचे, दांडी कानामागच्या हाडाला लावायचे, माझा स्वर गुणगुणायचे आणि त्यावरून पायऱ्या उतरत डोपर्यंत जायचे. मग चाळीस माणसं तो डो उचलायची. पट्टी चुकली असं कधी झालं नाही. एकदा राजधानी मासेरूहून आलेल्या परीक्षकांनी म्हटलं होतं, "या मंडळींचा स्वर भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा आहे, हलत नाही." न्तातेंनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. त्या खिशात मी होतो. माझ्या वाट्याला आलेली शाबासकी एवढीच, पण ती मला पुरली.

त्यांच्या आईच्या तपकिरीच्या पत्र्याच्या डबीत मी राहतो. तिचं झाकण फार पातळ आहे. गायकवृंद गाताना माझाच स्वर लागला की मला कुणी न ठोकताही माझे पाय किंचित थरथरतात आणि झाकण बारीक गुणगुणतं. विज्ञानात याला अनुनाद म्हणतात. मला तो कुणीतरी हाक मारल्यासारखा वाटतो.

या वर्षी गायकवृंदांच्या स्पर्धेचं पत्रक आलं. सर्वांना एकच कृती गायची होती, देवाच्या स्तुतीची, तीनशे वर्षांपूर्वीची, दहा भागांची. स्पर्धेत प्रथमच सीमेपलीकडून खरा वाद्यवृंद साथीला येणार होता. सातव्या भागात एका बाईचं एकटीचं गाणं होतं आणि त्याच्या शेवटी एक उंच सो: नेमका माझा स्वर, पण दुप्पट उंच. आधीची एकल गायिका लग्न होऊन परगावी गेली होती. म्हणून म्मे मातेबोहो उभ्या राहिल्या. वय अठ्ठावन्न. बस थांब्यावर माक्वेन्या विकतात, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे.

"एकतीस वर्षं मी दुसऱ्या रांगेत उभी आहे," त्या म्हणाल्या. "दुसरी कुणी गात असते आणि मी खाली ऊ-ऊ करत असते. न्ताते, एकदा मला शब्द म्हणू द्या. मग हवं तर मला झाडू मारायला ठेवा."

न्तातेंनी त्यांना ते गाणं दिलं.

पण न्तातेही एकाहत्तर वर्षांचे झाले होते. चारही आवाज ते स्वतः गाऊन शिकवायचे. दहा भाग, चार आवाज. एका शनिवारी दुपारी चर्चच्या दालनात सराव चालू असताना पुलेंग उभी राहिली. ही सव्वीस वर्षांची मुलगी सरकारी इस्पितळात रक्त तपासते आणि गायकवृंदात मधल्या आवाजात गाते.

"न्ताते, मागच्या शनिवारी तिसऱ्या तासाला तुमच्या तोंडून आवाज नाही, नुसती हवा येत होती."

"हवा पण सुरात होती," मागून पित्सो म्हणाला. पित्सो खर्जात गातो आणि मासेरूच्या रस्त्यावर टॅक्सी चालवतो. दोन्हीकडे तो दोघांची जागा अडवतो, असं बायकांचं म्हणणं आहे.

"फोनवर गाणी ऐकवणाऱ्या सेवा असतात," पुलेंग म्हणाली. "त्यातली एक घेऊ. सगळे घरी ऐकतील, आपापला भाग पाठ करतील. तुम्ही फक्त घासूनपुसून घ्यायचं."

न्तातेंनी तिच्या हातातला फोन उलटसुलट करून बघितला. "घेऊ," ते म्हणाले. "पण पारखून घेऊ. जिला या दहा भागांचं काम जमेल तीच."

त्या दुपारी तीन सेवांची परीक्षा झाली. मी खिशातून ऐकत होतो.

पहिलीला काही द्यावं लागत नव्हतं, म्हणून तिचं नाव पडलं फुकटी. सहावा भाग संपला, सातव्याची वाद्यं सुरू व्हायची तोच एक बाई कपडे धुवायच्या पावडरीबद्दल आनंदाने बोलू लागली.

"बघा," म्मे मातेबोहो म्हणाल्या, "देवदूत यायचे होते, साबण आला."

दुसरीवर जगातली सगळी गाणी होती, म्हणून ती गर्दीवाली. संगीतकाराचं नाव लिहिलं तर तिने आधी बाळं झोपवायच्या धुना दिल्या, मग चौथा भाग, मग नववा, मग कुणा दुसऱ्याचंच काहीतरी. दोन भागांच्या मध्ये संगीत थांबायला नको होतं, तिथेही ती ठेचकाळत होती.

"हिला गाणं म्हणजे तीन मिनिटांचं आणि गाणारा एक, एवढंच ठाऊक दिसतंय," न्ताते म्हणाले. "इथे लिहिणारा एक, गाणारे चाळीस, वाजवणारे तीस आणि हात हलवणारा आणखी निराळा. ती बिचारी कुणाचं नाव लावणार?"

"आमच्याकडे कुणी नळीवर नुसतं 'रक्त' लिहून पाठवतात, तशी गत आहे," पुलेंग म्हणाली. "कुणाचं, कधी काढलं, कशासाठी, काही नाही. मी परत पाठवते."

तिसरी फक्त शास्त्रीय संगीताची होती. वर्गणी घेत होती, पण आधी संगीतकार विचारत होती, मग कृती, मग भाग, मग कोणाचं वादन आणि कोणाचं संचालन. त्या एका कृतीची तिने सत्तावीस रेकॉर्डिंग ओळीने मांडली. दहा भाग दहा मण्यांसारखे सलग आले. शिवाय एकदा फोनमध्ये उतरवून घेतलं की इंटरनेट नसतानाही ऐकता येत होतं. तिचं नाव पडलं शहाणी आणि सगळ्यांनी मिळून तिची वर्गणी भरायचं ठरवलं.

मग सत्तावीसमधून एक निवडायचं होतं. दहा झाली तोवर मंडळी जांभया देत होती. अकरावं लागलं आणि जांभया थांबल्या. त्यातली व्हायोलिनं जुन्या पद्धतीची होती, आतड्याच्या तारांची. गाणाऱ्या बाईचा आवाज कुठेही ताणलेला नव्हता. पिकलेला पीच आपोआप फांदी सोडतो, तसा तो उंच सो तिने सोडला.

"हेच," म्मे मातेबोहो हळूच म्हणाल्या.

रेकॉर्डिंगच्या खाली बारीक अक्षरांत एक टीप होती. न्तातेंचा चष्मा दुसऱ्या कोटात राहिला होता. पुलेंग फोन उंच धरून उभी होती. ती टीप कुणी वाचली नाही.

न्तातेंनी मला डबीसकट खिडकीच्या फळीवर ठेवलं. "आता सुरुवातीचा स्वर हा फोनच देईल," ते म्हणाले. "तू बस निवांत."

मित्रांनो, मला वाईट वाटायला हवं होतं. पण आधी बरंच वाटलं. थकलेल्याला फळीवर ऊन मिळालं तर तो तक्रार करत नाही.

पुढच्या शनिवारी मात्र काहीतरी बिनसलंय हे मला कळलं. गायकवृंद सो गात होता आणि मी हललो नाही. झाकण गप्प होतं. पुन्हा सो आला, पुन्हा मी गप्प. तो स्वर माझा नव्हताच. सेकंदाला चारशे पंधरा वेळा हलणारा तो, माझ्याहून अर्धा स्वर खालचा. कागदाच्या कोपऱ्यात डो कुठे धरायचा ते नीट लिहिलं होतं, पण आता कोपरा बघायची गरजच कुणाला नव्हती. पुढची अक्षरं तर डो-रे-मी. पट्टी कुठलीही धरा, ती तशीच राहतात.

मला सगळं कळत होतं आणि काहीच बोलता येत नव्हतं. नादकाटा ठोकल्याशिवाय बोलत नाही. सहा आठवडे मी त्या फळीवर पडून ऐकत राहिलो.

त्या सहा आठवड्यांत म्मे मातेबोहो बदलल्या. त्यांचा उंच सो अगदी त्या रेकॉर्डिंगसारखा येऊ लागला. शेजारच्या दुकानातली माणसं शनिवारी दारात येऊन उभी राहायची. बस थांब्यावर त्या तळता तळता गायच्या. पित्सो म्हणायचा, "म्मे, तुमच्या गाण्याने माझी गाडी भरायला वेळ लागतो, लोक चढतच नाहीत." त्या त्याला झारा दाखवायच्या. एकतीस वर्षं वाकलेली त्यांची मान सरळ झाली होती.

स्पर्धेला बारा दिवस उरले होते. त्या शनिवारी पुलेंगची इस्पितळात पाळी होती आणि सुरुवातीचा स्वर द्यायचा फोन तिच्याकडे होता. न्ताते म्हणाले, "फोन नाही तर नाही, आपला जुना गडी आहे." त्यांनी डबी उघडली, मला गुडघ्यावर आपटलं, दांडी कानामागे लावली आणि डो दिला. गाणं सुरू झालं. सो आला तसं माझं अंग शहारलं. सहा आठवड्यांनी कुणीतरी मला हाक मारली होती.

मग सातवा भाग आला. म्मे मातेबोहो वर चढल्या आणि त्या उंच सोवर त्यांचा आवाज फाटला.

"पुन्हा," न्ताते म्हणाले.

पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तर नुसती चीर निघाली. कुणीतरी उगीच खोकलं. म्मे मातेबोहो बाकावर बसल्या आणि खांद्यावरचं कांबळं मांडीवर घेऊन त्याच्या घड्या घालू लागल्या.

"एका आठवड्यात म्हातारी झाले मी," त्या म्हणाल्या. "पुलेंगला द्या हे गाणं. तिचा गळा अजून कोवळा आहे."

"तुम्हाला काही झालेलं नाही, म्मे," पित्सो म्हणाला. "तो काटाच गंजलाय. बघा ना, पायावर डाग पडलेत. न्ताते, माझ्या गाडीत कानस आहे. थोडा घासून बघू?"

"घासा घासा," दोघातिघांनी म्हटलं.

न्तातेंनी मला पुन्हा हाडाला लावलं. फार वेळ ऐकलं. "काटा बिघडला असेल," ते म्हणाले, "नाहीतर माझा कान गेला असेल. दोघांचं वय झालंय." पित्सो जाऊन कानस घेऊन आला. तेल लावायच्या चिंधीत गुंडाळलेली, गाडीचे पत्रे घासायची कानस ती. न्तातेंनी मला त्याच्या हातात दिलं.

माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट क्षण तो. एकदा घासलं की मी पुन्हा कधी चारशे चाळीस होणार नव्हतो. त्या दालनात तिघं जुनी होती आणि तिघांवरही संशय होता. त्यातल्या दोघांना स्वतःचाच संशय आला होता.

तेवढ्यात पुलेंग आली, पांढऱ्या कोटातच. पाळी संपवून सरळ इकडे. पित्सोच्या एका हातात कानस आणि दुसऱ्या हातात मी, हे बघून ती दारातच थांबली.

"काय करतोयस?"

"ऑपरेशन."

"ठेव खाली. मोजल्याशिवाय कुणाला आजारी म्हणायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे."

तिने फोनवर स्वर मोजायचं ॲप उघडलं, मला गुडघ्यावर ठोकलं आणि फोनजवळ धरलं. "चारशे चाळीस पूर्णांक चार दशांश," तिने वाचलं. "वरचे चार दशांश थंडीचे. थंडीत पोलाद कडक होतं, स्वर केसभर चढतो. हा ठणठणीत आहे, न्ताते. तुमचा कानही."

मग तिने पित्सोचा फोन घेतला, आपल्या फोनवर ते अकरावं रेकॉर्डिंग लावलं आणि दुसऱ्यावर मोजलं. पुन्हा मोजलं. तिचा चेहरा पडला. तिने बोटाने पान खाली सरकवलं आणि ती टीप मोठ्याने वाचली. जुन्या काळची वाद्यं, जुन्या काळची पट्टी, आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली.

"म्हणजे शहाणीने सांगितलं होतं," न्ताते म्हणाले.

"सांगितलं होतं. आपण ऐकण्यात एवढे रमलो की वाचलंच नाही. मीसुद्धा." ती म्मे मातेबोहोंकडे बघू शकत नव्हती. "वाद्यवृंद आजच्या पट्टीत वाजवणार. चारशे चाळीस."

"त्यांनाच सांगू ना, जरा खाली उतरा म्हणून," पित्सो म्हणाला.

"तीस माणसं माफेतेंगसाठी खाली उतरणार?" कुणीतरी म्हटलं.

म्मे मातेबोहोंनी कांबळ्याची घडी मोडली. "म्हणजे मी म्हातारी झालेली नाही, न्ताते?"

"झालीयेस," न्ताते म्हणाले. "पण या आठवड्यात नाही."

सगळे हसले, त्याही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "तो वरचा सो मला मिळेल?"

न्ताते खोटं बोलत नाहीत. "मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

म्मे मातेबोहोंनी हात पुढे केला. "मग बारा दिवस हा मला द्या."

गायकवृंदाने शहाणीवरचंच दुसरं रेकॉर्डिंग घेतलं, आजच्या पट्टीतलं, एकोणिसावं. ते अकराव्याइतकं गोड नव्हतं, पण या वेळी आधी मला ठोकून ताडून घेतलं. आणि मी म्मे मातेबोहोंच्या फडक्यात बांधला जाऊन बस थांब्यावर गेलो.

त्या पहाटे पीठ मळायच्या, ते फुगायला ठेवायच्या आणि मला गुडघ्यावर आपटून दांडी फळीवर टेकवायच्या. फळी घुमायची. त्यावर त्या माझा स्वर गायच्या, मग एकेक पायरी वर. चार दिवस शेवटची पायरी आली नाही. पाचव्या दिवशी घसा बसला, तेव्हा त्यांनी नुसतं ऐकलं. मला वाटलं होतं की माझं काम संपलं, आणि इथे दिवसाला तीस-तीस ठोके पडत होते. नवव्या दिवशी तो उंच सो एकदाच आला. तेल तापून धूर निघत होता तरी त्या उभ्याच राहिल्या. दहाव्या दिवशी पुन्हा आला नाही. अकराव्या दिवशी त्यांनी मला कोरड्या फडक्याने पुसलं आणि म्हणाल्या, "तू दमलास, मीही दमले. उद्या काय होईल ते होईल."

स्पर्धेच्या सभागृहात मी पुन्हा न्तातेंच्या खिशात होतो, डबीत. सगळे शांत झाले आणि वाद्यवृंदातल्या ओबोने, म्हणजे सनईसारख्या एका वाद्याने, सगळ्यांना सुरात लावून घेण्यासाठी आपला लांब स्वर धरला. चारशे चाळीस. मी थरथरलो. झाकण गुणगुणलं. न्तातेंनी खिशात बोट घालून ते झाकणावर टेकवलं आणि ओबो थांबेपर्यंत तसंच ठेवलं.

सातवा भाग आला. म्मे मातेबोहो चढत गेल्या आणि शेवटच्या पायरीशी पोचल्या. तो सो आठशे ऐंशीचा, माझ्या दुप्पट. त्यावर मला थरथरता येत नाही, माझी घडणच तशी आहे. मी फक्त ऐकलं. तो पिकलेल्या पीचसारखा नव्हता. लहान होता, कडेला थोडा खरखरीत होता, पण नेमका होता. लिहिलेल्या चार मात्रा तो उभा राहिला आणि मग त्यांनी स्वतःहून तो खाली ठेवला.

गायकवृंद तिसरा आला. परतताना पित्सोच्या गाडीतले सगळे गात होते आणि म्मे मातेबोहो खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. माफेतेंग आल्यावर त्यांना उठवावं लागलं. पुढच्या वर्षी हे काम पुलेंगचं, असं त्यांनी उतरता उतरता सांगून टाकलं, आणि दुसऱ्या रांगेत परत जाण्याबद्दल त्यांना मुळीच वाईट वाटलेलं दिसलं नाही.

गायकवृंद अजूनही शहाणीवरच ऐकतो. ती चांगली आहे. तिच्यामुळे न्तातेंच्या छातीला आराम मिळाला आणि माझ्याही पायांना. नवीन काही निवडलं की पुलेंग आधी खालची टीप मोठ्याने वाचते, मग डबी उघडते आणि मला एकदा गुडघ्यावर ठोकते. पट्टी जुळली तरच पुढे. आठवड्याला एक ठोका. माझ्या वयाला तेवढा झेपतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात माझा एखादा भाऊ धूळ खात असेल. त्याला दगडावर किंवा बाकाच्या कडेवर आपटू नका, गुडघा पुरतो. हाताचा घाम त्याच्या पायांवर तसाच ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. आणि त्याचा स्वर कधी तुमच्याशी जुळला नाही, तर कानस शोधायला धावू नका. आधी मोजा. तो जुना असेल, डागाळलेला असेल, फार थकलाही असेल. पण तुम्हीच अर्धा स्वर खाली असाल, तर ते सांगायला त्याला तोंड नाही. तुम्ही ठोकलंत तरच तो बोलेल.